संगणकाला नावे ठेवण्यापूर्वी



आपल्या मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फक्त एका मात्रेचे अंतर आहे. नाव ठेवायचे ते बारशाला, पाळण्यापाशी. नावे ठेवायची ती दुसऱ्याच्या उणिवा काढताना. मात्रा एवढीशी, पण अर्थ पार बदलतो. तरीही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण मागचे-पुढचे शब्द पाहून तो अर्थ जुळवून घेतो. संगणकाला असे जुळवून घेता येत नाही. म्हणून आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिताना नाव ठेवण्यात हयगय केली, की मागाहून संगणकालाच नावे ठेवण्याची पाळी येते.

आमच्या प्रयोगशाळेतील एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एक सोपे काम दिले होते. पृथ्वीचे वस्तुमान आणि त्रिज्या घेऊन पृष्ठभागावरील गुरुत्व त्वरण काढायचे, आणि लगेच त्याच आज्ञावलीत चंद्राचेही काढायचे. सूत्र तुम्हाला शाळेतच भेटते. वैश्विक गुरुत्वीय स्थिरांकाला वस्तुमानाने गुणायचे आणि त्रिज्येच्या वर्गाने भागायचे. स्थिरांकाचे चिन्ह कॅपिटल जी, त्वरणाचे चिन्ह स्मॉल जी. भाषा होती पायथन.

एका मुलीचे पृथ्वीचे उत्तर अचूक आले : ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. चंद्राचे उत्तर यायला हवे होते सुमारे १.६२. आले किती? सुमारे २४ हजार कोटी! चंद्रावर असे त्वरण असते, तर तिथे माणूस उतरणे राहोच, त्याची चटणीसुद्धा उरली नसती. ती म्हणाली, "सर, संगणक बिघडलाय." अर्धा तास आज्ञावली पुन्हा पुन्हा वाचून झाल्यावर मात्र तिचा सूर बदलला. "सर, मलाच हे जमणार नाही. हे माझं काम नव्हे."

हे दुसरे वाक्य मला लागले. संगणक बिघडलेला नव्हता, आणि मुलगीही कमी पडली नव्हती. चंद्राच्या ओळीत तिच्या हातून कॅपिटल जीऐवजी स्मॉल जी टंकला गेला होता, एवढेच. स्मॉल जीमध्ये पृथ्वीचे ९.८१ आधीच बसलेले होते. संगणकाने तेच उचलले आणि मुकाट्याने गुणाकार-भागाकार केला. चूक झाल्याचे त्याने सांगितले नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती.

मग दोष कोणाचा? आधी हे पाहू, की संगणक 'नाव' वाचतो म्हणजे नेमके काय करतो.

स्वयंपाकघरातील फळीवर ओळीने मांडलेले डबे डोळ्यांपुढे आणा. एकावर 'साखर' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'मीठ' अशी. आज्ञावलीतील चल म्हणजे असाच एक डबा आणि चलाचे नाव म्हणजे त्यावरची चिठ्ठी. आई चिठ्ठी न वाचताही डबा ओळखते, शंका आली तर चिमूटभर चाखून पाहते. संगणक चाखून पाहत नाही. तो फक्त चिठ्ठी पाहतो, आणि तीही अक्षरे म्हणून नव्हे, तर आकडे म्हणून. 'आस्की' या प्रमाण संकेतात कॅपिटल जीचा क्रमांक ७१ आहे, तर स्मॉल जीचा १०३. दोघांत ३२ चा फरक. द्विमान पद्धतीत लिहिले तर १०००१११ आणि ११००१११ : सातांपैकी केवळ एका बिटाचा फरक. आपल्या डोळ्यांना ते एकाच अक्षराचे दोन पोशाख वाटतात. संगणकाच्या लेखी मात्र ७१ आणि १०३ यांचे नाते ७१ आणि ७२ यांच्याहून जवळचे नाही.

तुम्ही विचाराल, हा नियम पहिल्यापासून असाच होता काय? नव्हता. फोरट्रान ही भाषा १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार झाली. त्या काळी प्रत्येक अक्षराला सहा बिट मिळत. सहा बिटांत संकेत बसतात फक्त ६४. त्यांत इंग्रजी अक्षरे, दहा अंक आणि बेरीज-वजाबाकी, कंस वगैरे चिन्हे बसवायची, म्हणून स्मॉल अक्षरांना जागाच दिली नव्हती. कॅपिटल-स्मॉल हा प्रश्नच उद्भवत नव्हता! त्या संगणकाचा एक शब्द ३६ बिटांचा, म्हणजे सहा अक्षरांचा. फोरट्रानमधील नावेही जास्तीत जास्त सहा अक्षरांची असत. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात बेसिक ही भाषा जन्मली. तिच्यात चलाचे नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि त्यापुढे एक अंक. हिशेब करून पाहा : २६ अधिक २६ गुणिले १० म्हणजे २८६. संपूर्ण भाषेत साध्या चलांसाठी एवढीच नावे!

आस्की संकेत १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हाही त्यात स्मॉल अक्षरे नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. जागा मिळाली, पण नवा प्रश्न उभा राहिला. कॅपिटल आणि स्मॉल एकच मानायचे, की वेगवेगळे? येथे भाषांच्या वाटा फुटल्या. १९७० सालची पास्कल आणि १९८० च्या दशकातील अ‍ॅडा या भाषांनी नावांत दोन्ही एकच मानले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या सी भाषेने दोन्ही वेगळे मानले. पुढे जावा, जावास्क्रिप्ट, पायथन अशा आज सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या भाषा सीच्या वाटेने गेल्या.

दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही आहे. 'एकच माना' असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा माणसाच्या स्वभावाचा आहे. आपण बोलतो तेव्हा कॅपिटल आणि स्मॉल ऐकू येत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत रँडी पॉश आणि त्यांचे सहकारी 'अ‍ॅलिस' नावाची एक प्रणाली तयार करीत होते. ज्यांनी पूर्वी कधी आज्ञावली लिहिली नाही, अशांसाठी ती होती, आणि तिच्या पोटात पायथन भाषा होती. नवशिके कोठे अडखळतात हे त्यांनी जवळ बसून पाहिले. दोन ठिकाणे ठळक निघाली. एक, कॅपिटल-स्मॉलचा भेद. दुसरे, एकाला दोनने भागले की पायथन त्या काळी अर्धा न देता शून्य देत असे ते. त्यांनी आपल्यापुरती भाषेत दुरुस्ती करून दोन्ही अडथळे काढून टाकले. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत भागाकार सर्वांसाठीच सुधारला. अक्षरांचा भेद मात्र तसाच राहिला.

तो का राहिला असावा, हे समजण्यासाठी दुसरी बाजू ऐका. 'कॅपिटल आणि स्मॉल एकच' हा नियम बोलायला सोपा, पण इंग्रजीच्या बाहेर पडले की अवघड. तुर्की भाषेत दोन आय आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. टिंबाच्या स्मॉल आयचे कॅपिटल रूपही टिंबाचेच असते. म्हणजे जी जोडी इंग्रजीत बरोबर, ती तुर्कीत चूक. जर्मन भाषेतील एका अक्षराचे कॅपिटल रूप परंपरेने दोन एस लिहून करतात. अक्षराला अक्षर जुळतच नाही. 'जसे लिहिले तसेच वाचा' हा नियम कडक खरा, पण जगातील साऱ्या लिप्यांना तो सारखाच लागू पडतो.

आता आमच्या प्रयोगशाळेतील आज्ञावलीकडे परत येऊ. तुम्हाला वाटेल, पायथनऐवजी पास्कलसारखी, दोन्ही एकच मानणारी भाषा असती, तर त्या मुलीची फजिती टळली असती. कागद-पेन्सिल घेऊन पाहा बरे. पहिल्या ओळीत जी नावाच्या डब्यात स्थिरांक ठेवला. दुसऱ्या ओळीत पृथ्वीचे त्वरण काढून ते स्मॉल जीमध्ये ठेवले. पण या भाषेत दोन्ही जी म्हणजे एकच डबा! स्थिरांक पुसला गेला आणि त्याच्या जागी ९.८१ बसले. तिसऱ्या ओळीत चंद्रासाठी जी उचलला, तेव्हा हाती आले ९.८१. उत्तर? तेच, सुमारे २४ हजार कोटी!

दोन्ही भाषांत चूक तीच आणि उत्तरही तेच. फरक असलाच तर इतका, की पायथनमध्ये बोट चुकले म्हणून उत्तर चुकले. पास्कलमध्ये तर एकही अक्षर न चुकता ते चुकले असते. म्हणजे रोग भाषेच्या नियमात नव्हताच. दोन निरनिराळ्या राशींना जवळजवळ एकच नाव दिले, हा रोग होता. आणि ती नावे फळ्यावर कोणी लिहिली होती? मीच. तेव्हा दोष माझा. ती मुलगी 'मला जमणार नाही' म्हणाली, ते माझ्या नाव ठेवण्याच्या आळसापायी.

म्हणून माझे मत मी स्पष्टच सांगतो. भाषेचा नियम कोणताही असो, केवळ कॅपिटल आणि स्मॉल एवढ्याच फरकावर दोन वस्तूंची नावे वेगळी ठेवू नयेत. स्थिरांकाला 'गुरुत्व स्थिरांक' म्हणा, त्वरणाला 'पृथ्वी त्वरण' आणि 'चंद्र त्वरण' म्हणा. मग बोट चुकले तर बहुधा असा शब्द तयार होईल, की त्या नावाचा डबाच फळीवर नसेल, आणि संगणक तिथल्या तिथे थांबून 'हे नाव मला ठाऊक नाही' असे सांगेल. उघड होणारी चूक ही चांगली चूक. लपून बसणारी वाईट.

यावर भौतिकशास्त्राचे माझे सहकारी म्हणतात, "अहो, आपल्या शास्त्रातही कॅपिटल-स्मॉलचा भेद आहेच की!" आहे, आणि त्याचा त्रासही आहे. वॅटच्या चिन्हापूर्वी स्मॉल एम लिहिला तर मिलिवॅट, कॅपिटल लिहिला तर मेगावॅट. दोहोंत १०० कोटी पटींचा फरक. लिटरची गोष्ट तर फार बोलकी आहे. व्यक्तीच्या नावावरून पडलेल्या एककाचे चिन्ह कॅपिटल, बाकीची स्मॉल, असा नियम. लिटर हे कोणा माणसाचे नाव नव्हे, म्हणून चिन्ह स्मॉल एल. पण छापील स्मॉल एल आणि एकचा इंग्रजी आकडा यांत गल्लत होऊ लागली. तेव्हा १९७९ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नियमाला अपवाद करून लिटरसाठी कॅपिटल एलही चालेल असे ठरवले. साऱ्या जगाच्या मापांचा कारभार पाहणाऱ्या परिषदेने, माणसाचा डोळा फसतो हे ध्यानात घेऊन, आपला नियम वाकवला. मग आपण आपल्या आज्ञावलीत थोडी लांब नावे लिहायला काय हरकत आहे? शिवाय कागदावरचे सूत्र माणूस वाचतो आणि समजून घेतो. वर्गात बोलताना आम्ही 'कॅपिटल जी', 'स्मॉल जी' असे शब्द जोडून घेतोच. संगणकापुढे ते जोडून घेणारे कोणी नसते.

नाव नुसते वेगळे असून भागत नाही. ते खरे सांगणारे हवे. अमेरिकेच्या नासा संस्थेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. जमिनीवरील एक आज्ञावली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती, आणि ते घेणारी दुसरी ते न्यूटन-सेकंद समजत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. आकड्याच्या अंगावर एकक लिहिलेले नसते. म्हणून 'उंची' एवढेच नाव ठेवण्यापेक्षा 'उंची मीटर' असे ठेवावे, 'वेळ' ऐवजी 'वेळ सेकंद' असे ठेवावे. केवळ नावाने अपघात टळतात असे नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात शंका जागी होते. शंका जागी झाली, की निम्मे काम झाले.

नावात शब्दांमध्ये रिकामी जागा सोडता येत नाही, म्हणून शब्द जोडण्याच्या काही रूढी पडल्या आहेत. जावात दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करतात. मध्येच उंचवटे दिसतात म्हणून हिला 'उंट पद्धत' म्हणतात. पायथनमध्ये सर्व अक्षरे स्मॉल ठेवून शब्दांमध्ये खाली आडवी रेघ देतात; ही जमिनीसरपट जाणारी 'सर्प पद्धत'. न बदलणाऱ्या स्थिरांकाचे नाव पायथनमध्ये संपूर्ण कॅपिटल लिहितात. ध्यानात ठेवा, संगणक यांपैकी कशाचीही सक्ती करीत नाही. या रूढी माणसांनी माणसांसाठी ठरवल्या आहेत. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचे की उजव्या, याला विज्ञानात उत्तर नाही. पण सर्वांनी एकच बाजू धरावी, हे शहाणपणाचे आहे.

मराठी शाळेत शिकणाऱ्या वाचकांशी आता थोडे वेगळे बोलायचे आहे. आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही. तुमच्या आईवडिलांनी शाळेत इंग्रजीच्या चार लिप्या गिरवल्या असतील. एकाच अक्षराला इतकी रूपे कशाला, असे त्यांनाही वाटले असेल. तेव्हा एखाद्या आज्ञेचे पहिले अक्षर कॅपिटल पडून संगणक अडला, तर ती तुमच्या बुद्धीची उणीव समजू नका. तो डोळ्यांना लावून घ्यायच्या सवयीचा भाग आहे, आणि सवय पंधरा दिवसांत लागते. पायथनच्या २०२१ सालच्या आवृत्तीपासून तर संगणक स्वतःच 'तुम्हाला अमुक नाव म्हणायचे आहे काय?' असे सुचवतो. कडक शिक्षकही प्रेमळ असू शकतो, तसेच हे!

आणखी एक सापळा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून नावे ठेवण्याची आपल्याला आवड असते. के-ए-एल असे लिहिले, की तो काल, काळ, कल, की कळ? लिहिताना तुम्हाला ठाऊक असते, महिन्याने नसते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'वेग', 'अंतर', 'वेळ' अशी देवनागरी नावेही चालतात. करून पाहा, मौज वाटेल. मात्र गणितातले आकडे इंग्रजीच लिहावे लागतात आणि भाषेच्या मूळ आज्ञाही इंग्रजीच राहतात, त्यामुळे कळफलक सारखा बदलावा लागतो. आणि तिथेही सावधगिरी सुटत नाही : 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हे संगणकाला दोन वेगळे डबे. शुद्धलेखनाच्या तासाला ऱ्हस्व-दीर्घाचा कंटाळा करणाऱ्यांनी हे विसरू नये!

आम्हा शिक्षकांनाही माझे एक सांगणे आहे. परीक्षेत उत्तर बरोबर आले की आपण पूर्ण गुण देतो, मग चलांची नावे ए, बी, सी का असेनात. माझ्या मते नावांनाही गुण असावेत. भूमितीच्या आकृतीला नावे न दिल्यास आपण गुण कापतो. इथे का नको?

शेवटी एक छोटा प्रयोग. तुम्ही लिहिलेली एखादी आज्ञावली मित्राला फोनवरून मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्याला ती ऐकून वहीत लिहायला सांगा. जिथे तुम्हाला 'यातला कॅपिटल बरं का' असे म्हणावे लागेल, जिथे मित्र 'म्हणजे नेमकं काय?' असे विचारील, तिथे खूण करा. त्या प्रत्येक नावाचे पुन्हा बारसे करा.

त्या मुलीने तेच केले. दोन्ही जी काढून तिने पूर्ण नावे घातली आणि आज्ञावली पुन्हा चालवली. चंद्राचे उत्तर १.६२ आले. मग कोणीही न सांगता तिने खाली आणखी एक ओळ जोडली आणि मंगळाचे त्वरण काढायला घेतले.